तुमच्या नावावरची माझी चूक

उत्तमकाका,

ऑफिसने तुमची शोकसभा घेतली. खराडीच्या आपल्या इमारतीतली सहाव्या मजल्यावरची ती काचेची खोली अर्ध्या तासासाठी मिळाली होती. पुढच्या मीटिंगची माणसं लॅपटॉप काखेत धरून बाहेर उभी होती, त्यामुळे दोन मिनिटांचं मौन एका मिनिटात आटोपलं. तुमच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून पडद्यावर लावला होता. त्यात तुम्ही चिडलेले दिसता. त्या सगळ्या कार्यक्रमात मला तेवढंच खरं वाटलं.

आपला मॅनेजर निखिल चांगलं बोलला. तो वाईट माणूस नाही, हीच अडचण आहे. म्हणाला, या माणसाने अठ्ठावीस वर्षं डेटाबेस सांभाळले आणि कधी कुणाला धावपळ करायला लावली नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, "शेवटी आजारपणात त्यांच्याकडून एक चूक झाली, ती हॉस्पिटलची. पण आपण कुणीच ती मनात ठेवली नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. काका, मीही हलवली.

ती चूक माझी होती. तुम्हाला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तुम्ही गेल्यावर जगात फक्त मला माहीत होतं. बाबांच्या अनियतकालिकात तुमच्यावर लिहायला मला सांगितलंय. बाबा म्हणाले, चार आठवणी लिही, काका तुझे गुरू होते. मला आठवणी लिहायच्या नाहीत. पण त्यांच्याशिवाय हे वाचणाऱ्यांना कळणार नाही, म्हणून लिहिते.

तुम्हाला मी पहिल्यांदा कंपनीच्या कॅबमध्ये पाहिलं. तुम्ही धायरीहून बसून यायचात, मी कात्रजला चढायचे. त्या दिवशी माझ्या मांडीवर एका पत्रकाचं प्रूफ होतं आणि मी त्यात लाल पेनाने खुणा करत होते. हडपसरपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "यात 'ते' अकरा वेळा आलंय. ते म्हणजे कोण?"

मी म्हणाले, व्यवस्था.

"व्यवस्थेला पत्ता नसतो. सही करणाऱ्याला असतो. त्याचं नाव घाल, नाहीतर कागद वाचव."

मला संताप आला. मी पत्रकांत वाढलेली मुलगी. बाबांच्या छापखान्यात छपाईत चुकलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या शाळेच्या पुस्तकांना असायची. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मी 'कमळ' आणि 'बदक'च्या आधी वाचायला शिकले. आणि हा शर्टाच्या खिशात दोन पेनं लावलेला माणूस मला निषेध कसा करायचा ते शिकवणार? घरी जाऊन मी बाबांना सांगितलं. बाबा हसले. म्हणाले, धायरीचा उत्तम ना, तो आपलाच आहे, विहारात वंदनेला शेवटच्या रांगेत बसतो आणि कुणाचं भाषण लांबलं की उठून चपला घालतो. त्या दिवसापासून तुम्ही 'सर'चे 'काका' झालात, आणि मी संघमित्राची 'मित्रा'.

कामात तुम्ही मला एकच गोष्ट शिकवलीत. पहिल्याच महिन्यात मी एक जुना तक्ता दाखवून विचारलं होतं, हा कुणी वापरत नाही, काढून टाकू का? तुम्ही म्हणालात, "कुणी वापरत नाही हे तुला कुणी सांगितलं?"

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. डेटाबेसमध्ये नुसते तक्ते नसतात. तक्त्यांवर व्ह्यू उभे असतात. व्ह्यू म्हणजे त्या तक्त्यांमधली हवी तेवढीच माहिती दाखवणारी खिडकी. व्ह्यूंवर प्रोसिजर उभ्या असतात, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं. खालचं एक काढलं की वरचं कोसळतं. कोण कुणावर उभं आहे याची नोंद डेटाबेस स्वतःच ठेवतो, पण फक्त उघड लिहिलेल्या नावांची. एखादी प्रोसिजर चालता चालता दोन तुकडे जोडून नाव तयार करत असेल, तर त्या नोंदीत ती सापडत नाही. विचारलं तर उत्तर येतं, शून्य ओळी. म्हणजे कुणीच अवलंबून नाही.

तुम्ही त्या शून्यावर कधी विश्वास ठेवला नाहीत. आधी नोंदीला विचारायचं. मग सगळ्या प्रोसिजरच्या मजकुरात ते नाव शोधायचं. मग अर्धं नाव शोधायचं. मग फोन उचलून, ते रोज वापरणाऱ्या माणसाला विचारायचं. आणि एवढं करूनही काढायचं नाहीच. नुसतं नाव बदलून ठेवायचं आणि महिनाभर थांबायचं. "कोण रडतंय ते बघायचं," तुम्ही म्हणायचात. कुणी रडलं तर जुनं नाव परत द्यायचं आणि माफी मागायची. कुणीच रडलं नाही तर महिन्याने हात लावायचा.

मी म्हणाले होते, काका, हे सरकारी खात्यासारखं झालं. तुम्ही म्हणालात, "सरकारी खात्याला महिना लागत नाही. तिथे कुणी रडलं तरी ऐकू येत नाही."

एवढी काळजी का, हेही तुम्ही एकदाच सांगितलंत, मगरपट्ट्याच्या सिग्नलला. पहिल्या नोकरीत शेजारच्या टेबलावरच्या माणसाने अख्ख्या महिन्याचा डेटा उडवला तेव्हा साहेब म्हणाले होते, होतं असं कधीकधी. पुढच्या आठवड्यात तुमची एक तारीख चुकली तेव्हा तेच साहेब दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले, यांचं असंच असतं. 'यांचं' म्हणजे कुणाचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही ठरवलंत, यापुढे चुकायचंच नाही.

मी कॅबमध्येच भडकले. म्हणाले, ही शरणागती आहे. बसायला खुर्ची मिळावी म्हणून आपण बिनचूक का व्हायचं? माणसाला चुकायचा हक्क असला पाहिजे. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "असला पाहिजे. पत्रकात लिही. तो मिळेपर्यंत मी नाव बदलून ठेवतो."

ते भांडण तिथेच राहिलं. आपण ते पुन्हा करणार होतो.

मग तुमचा खोकला निघाला, फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. सुपारीसुद्धा न खाणारा माणूस. केमो सुरू झाली, तुम्ही रजेवर गेलात, आणि जाताना तुमचा पासवर्ड मला देऊन गेलात. नियमात बसत नव्हतं. पण त्या हॉस्पिटलच्या डेटाबेसमध्ये बदल करायचा अधिकार फक्त तुमच्या लॉगिनला होता, आणि माझ्यासाठी नवा मागायचा तर पंधरा दिवस गेले असते. तुम्ही आयुष्यात मोडलेला हा बहुतेक एकच नियम, आणि तो माझ्या भरवशावर मोडलात.

एका ट्रस्टचं हॉस्पिटल. त्यांच्या डेटाबेसमधले जुने, पडून असलेले व्ह्यू काढायचं काम होतं. शुक्रवारी दुपारी यादीत शेवटचा एक उरला. मी नोंदीला विचारलं. शून्य ओळी. मजकुरात पूर्ण नाव शोधलं. नाही सापडलं. अर्धं नाव शोधलं नाही. फोन केला नाही. नाव बदलून ठेवलं नाही. पाच वाजता निघून मला एका सभेत बोलायचं होतं. विषय लिहायची लाज वाटते, पण लिहिते: गरिबांचं आरोग्य. मी व्ह्यू काढून टाकला आणि वेळेवर पोचले. भाषण चांगलं झालं.

त्या व्ह्यूमध्ये डायलिसिसचे असे रुग्ण होते ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही. शेजारणीचा नंबर, किराणावाल्याचा नंबर, सुनेच्या माहेरचा नंबर. मशीनच्या दुरुस्तीसाठी हॉस्पिटलने त्या आठवड्यात सोमवारची पाळी रविवारी घेतली होती. बाकी सगळ्यांना निरोप गेले. यांना गेले नाहीत. निरोप पाठवणाऱ्या प्रोसिजरला व्ह्यू सापडला नाही, आणि काही सापडलं नाही तर गप्प पुढे जायचं असं कुणीतरी तिच्यात कधीच लिहून ठेवलं होतं. सोमवारी सकाळी ती माणसं आली तेव्हा मशीनं बंद होती. संध्याकाळपर्यंत ती व्हरांड्यात बसून राहिली. त्यांतल्या एका बाईंना श्वास घेता येईना. दोन दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या. मी हे वाक्य रोज स्वतःला सांगते, त्या वाचल्या.

मी तुम्हाला फोन केला. केमो होऊन दोनच दिवस झाले होते, तुमचा आवाज फाटलेला होता. असं का केलंस हे तुम्ही विचारलं नाहीत. पहिलं विचारलंत, "बाई कशा आहेत?" मग डोळे मिटून बोलावं तसं मला तो अख्खा व्ह्यू सांगितलात. कुठले तक्ते, कुठले कॉलम, कुठली अट. स्वल्पविरामसुद्धा. तुम्हीच सहा वर्षांपूर्वी लिहिलेला. शेवटी म्हणालात, "आता अर्धं नाव शोध." मी शोधलं. दोन सेकंदांत प्रोसिजर समोर आली.

बुधवारी चौकशीचा व्हिडिओ कॉल झाला. तुम्ही घरूनच पडद्यावर आलात, डोक्यावर लोकरीची टोपी. निखिल म्हणाला, लॉगिन तुमचं दिसतंय. तुम्ही म्हणालात, "हो. मीच चालवलं. घरूनच. औषधांची गुंगी होती." माझा माइक बंद होता. तो चालू करायला एक बटण दाबायचं असतं. मी ते बटण बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी धायरीला आले. काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मी दारातूनच सुरुवात केली. मी म्हणाले, मला वाचवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

"पासवर्ड कुणी दिला होता?"

"तुम्ही. पण बोटं माझी होती."

"बोटांची नोंद होत नाही." मग जरा दम घेऊन तुम्ही म्हणालात, "मित्रा, तुला तिथे अजून तीस वर्षं बसायचंय. आता ही नोंद लागली तर चूक कुणी वाचणार नाही. आडनाव वाचतील."

मी विचारलं, मग तुमचं आडनाव काय वेगळं आहे?

"माझं वाचून झालंय."

मी ओरडले, रडले, तुम्हाला भित्रे म्हणाले. मी सगळ्यांना मेल लिहिणार असं जाहीर केलं. तुम्ही म्हणालात, नको. आणि मी ऐकलं. एवढी भांडखोर मी, एरवी तुमचं एक वाक्य न खोडता सोडत नव्हते, तेव्हा एका 'नको'वर थांबले. काका, मी हरायचं ठरवूनच भांडले. जिना उतरताना मला हलकं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मेल लिहिलेला पडून राहिला. उद्या पाठवू म्हणता म्हणता दोन महिने गेले. मग तुमच्या हातातून वस्तू पडायला लागल्या आणि डॉक्टर म्हणाले, डोक्यापर्यंत गेलंय. शेवटच्या भेटीत तुम्ही मला काकूंच्या माहेरची कुणीतरी समजलात, बस मिळाली का असं विचारलंत. मी म्हणाले, मिळाली.

शोकसभेनंतर मी माझ्या टेबलावर बसले आणि तुम्ही शिकवलंत तसं शोधायला लागले. 'उत्तमने चालवलं' हे एक खोटं वाक्य. त्याच्यावर काय काय उभं आहे? चौकशीचा अहवाल. हॉस्पिटलला गेलेलं दिलगिरीचं पत्र. नव्या मुलांना शिकवायला केलेल्या सादरीकरणातलं एक पान, त्यात 'काय करू नये' या मथळ्याखाली तुमचं लॉगिन. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाने नाव बदलून ठेवलं, महिनामहिना वाट बघितली, त्याचं नाव त्या पानावर. हे सगळं कागदावर लिहिलेलं होतं, म्हणून सापडलं.

दुसऱ्या दिवशी तुमच्या ड्रॉवरमधला स्वेटर आणि वह्या द्यायला धायरीला गेले. काकू गॅलरीत बसल्या होत्या, मांडीवर भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलेलं. मला म्हणाल्या, "ते हॉस्पिटलचं झालं त्या दिवशी यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं का गं? तू रोज बोलायचीस त्यांच्याशी."

मी हातातल्या वह्या खाली ठेवल्या.

त्या बोलत राहिल्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या. हा माणूस चुकणारा नव्हता, म्हणाल्या. तो चुकला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की रोग डोक्यात शिरलाय. मी विचारलं, तर म्हणाले, गोळ्यांनी होतं. मी ऐकून घेतलं. तेव्हाच डोक्याचा फोटो काढला असता तर दोन महिने आधी कळलं असतं. त्यांनी त्या सोमवारपासूनचे दिवस बोटाने मोजून दाखवले.

तुमच्या बायकोचा अपराधीपणा माझ्या खोट्यावर उभा होता, काका. ते कुठल्याच अहवालात नव्हतं. आणि मी काय केलं माहीत आहे? पाणी प्यायले, स्वेटर खुर्चीवर ठेवला आणि निघून आले. तेव्हाही बोलले नाही. पत्रकं लिहिणारी, नावं घ्या म्हणणारी. पुढचे चार दिवस मी पुन्हा तिकडे गेलेही नाही.

तुमच्या जलदान विधीला मांडवात पांढऱ्या कपड्यांतली माणसं मावत नव्हती. वंदना झाली, आदरांजलीची भाषणं सुरू झाली. काकू आतल्या खोलीत जरा पाठ टेकायला गेल्या तेव्हा मी मागोमाग गेले आणि सांगितलं. सगळं, क्रमाने. सभेचं भाषणसुद्धा.

त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे त्या दिवशी त्यांचं डोकं नीट होतं?"

"नीट होतं काकू. फोनवर त्यांनी मला सगळं पाठ सांगितलं."

त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. मी पाया पडायला वाकले तर मागे सरकल्या. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "मला एकटीला सांगून काय होणार? बाहेर सांग. तुझ्या हाफिसची माणसं आलीत."

मी बाहेर गेले, माइक घेतला. मला बोलायची सवय आहे, लोकांना माहीत आहे. चार वाक्यं बोलले आणि चारही मोडकी होती. हॉस्पिटलची चूक उत्तमकाकांनी केली नाही. संघमित्राने केली, म्हणजे मी. त्यांनी ती स्वतःवर घेतली. मी शेवटपर्यंत घेऊ दिली. दुसऱ्या रांगेत निखिल बसला होता, तो हातातल्या रुमालाची घडी घालत राहिला. बाबा माझ्याकडे बघत होते. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली.

त्याच दुपारी मी मेल पाठवला. ऑफिसने चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. त्या पानावर आता माझं नाव येईल, आडनावासकट. येऊ दे. वाचू देत. तुमचं नाव मोकळं झालं असं बाबा म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आहे. मला तो नको आहे.

काकू माझा फोन उचलत नाहीत. काल बाबा त्यांना भेटून आले. त्यांनी जे सांगितलं ते ऐकल्यापासून मी एका जागी बसू शकत नाही. त्या बुधवारच्या कॉलनंतर काकू रोज तुमची परीक्षा घेत होत्या म्हणे. चहात साखर दोनदा घालता का, चावी कुठे ठेवली ते आठवतं का, भाचीचं नाव येतं का. तुम्ही शुद्धीत होतात, तुमच्याकडे शेवटचे काही चांगले आठवडे होते, आणि त्या आठवड्यांत तुमची बायको शेजारी बसून तुम्हाला तपासत होती. तुम्हाला ते कळत होतं. तुम्हाला कळलं नाही असं काही नसायचं. तरी तुम्ही तिलासुद्धा सांगितलं नाहीत, आणि तिच्या प्रश्नांची उत्तरं देत राहिलात.

काका, यावर मला तुमच्याशी भांडायचंय. मोठ्याने भांडायचंय, आणि या वेळी हरायचं नाहीये. ती चूक स्वतःच्या नावावर घेताना त्याचा भार कुणावर पडेल ते तुम्ही घरातच विचारलं नाहीत. काकूंना विचारायला हवं होतं. तुमच्या दारात उभी राहून मी एवढी ओरडत होते. मीही विचारलं नाही.

तुमची,
मित्रा